कृष्णाकाठचा वाडा



व्याख्यानमालेत इतिहासाचा दिवस आला म्हणजे श्रोत्यांना लढाईची अपेक्षा असते. निदान एखादा तह, एखादे कारस्थान तरी हवेच. माझ्या आजच्या विषयात ह्यातले काही नाही. मी घराविषयी बोलणार आहे, आणि तेही राजवाड्याविषयी नव्हे. ज्या घराच्या देवडीत पहारेकऱ्याची जागा आहे, पण चौकात शेंगांची रास पडते. ज्याच्या सदरेवर गावचा वसूल मोजला जाई आणि मागल्या दारी म्हशी बांधल्या जात, असे वाडे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर गावोगाव होते. काही अजून आहेत. त्यांची बांधणी हा आजचा विषय. सातारा आणि सांगली अशी दोन नावे मी घेतो खरी. पण साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेली संस्थाने मिळून 1949 साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला व 1960 साली त्याचे नाव सांगली पडले, इतकीच त्या सीमेची हकीकत. घरांना ती सीमा ठाऊक नाही.

ह्या वाड्यांकडे आमच्या इतिहाससंशोधकांनी पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. किंबहुना मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन सुरू झाले तेच वाड्यांतून. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड 1898 साली काढला, तो वाईस मिळालेल्या पत्रांवर. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातून नाना फडणविसांचे दप्तर मिळवले. ते साताऱ्याच्या संग्रहालयात आले आणि 1939 साली पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. ह्या थोर पुरुषांचे ऋण फिटणारे नाही. परंतु ही मंडळी वाड्यात शिरली ती माळ्यावरच्या रुमालांसाठी. रुमाल खाली उतरले, त्यांतील मोडी उलगडले, त्यावर ग्रंथ झाले. जो माळा, जे छप्पर आणि जी भिंत ते कागद शंभर-सव्वाशे पावसाळे कोरडे ठेवून उभी राहिली, तिची लांबी-रुंदी कोणी टिपून घेतली नाही. कागद हे साधन ठरले आणि वाडा हा नुसता पेटारा.

घराकडे पाहण्याची आमची दुसरी रीत म्हणजे व्यक्तीची. खंडाळा तालुक्यातील नायगावी सावित्रीबाई फुले यांचा जन्म 1831 साली झाला. ते घर राखले गेले आहे. देवराष्ट्र्यास यशवंतराव चव्हाण यांचा जन्म 1913 साली झाला. तेही घर राखले गेले आहे. दोन्ही गोष्टी उत्तम झाल्या. पण ह्यावरून आमची दृष्टी काय ती कळते. तेथे कोण जन्मले, ह्यावर घराची किंमत ठरते. शेजारच्याच गल्लीत तशाच बांधणीचे, कदाचित अधिक जुने घर असेल, पण त्यात कोणी मोठा माणूस जन्मला नाही. म्हणून ते पडले तर केवळ पडले. त्याची नोंद कोठेच होत नाही.

येथे क्षणभर परमुलखात डोकावू. इंग्लंडात 1947 च्या नगररचना कायद्याने जुन्या इमारतींच्या याद्या करण्याचे काम सरकारच्या गळ्यात बांधले. त्याचे मूळ मोठे विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून शहरे ढासळू लागली, तेव्हा कोणती पडकी इमारत सावरून धरायची आणि कोणती पाडून टाकायची, हे ठरवण्यासाठी घाईघाईने टिपणे करावी लागली. त्या संकटातल्या टिपणांतून पुढे कायमची यादी उभी राहिली. आज तीत साडेतीन लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांत राजवाडे व प्रार्थनामंदिरे आहेत तशी साधी शेतघरेही आहेत. 1700 पूर्वीची इमारत बऱ्यापैकी मूळ रूपात उरली असेल तर ती यादीत बहुधा जातेच. तेथे कोण जन्मले हे विचारीत नाहीत. खांब किती, छप्पर कसे जोडले, धुराडे केव्हा घातले, हे लिहितात. टेम्स नदीच्या वरच्या अंगाला केल्मस्कॉट म्हणून एक चुनखडीच्या दगडाचे शेतघर आहे. सन 1600 च्या सुमारास टर्नर नावाच्या शेतकरी घराण्याने ते बांधले. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस 1871 साली तेथे भाड्याने राहावयास गेला, म्हणून ते जगाला माहीत. म्हणजे व्यक्तीचा मोह तिकडेही सुटलेला नाही! परंतु त्याच मॉरिसने 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळ काढले, आणि त्याचा आग्रह असा की, जुने घर नव्यासारखे करू नका. गळते तेथे शाकारा, कलते तेथे टेकू द्या, रोजची डागडुजी चुकवू नका. आमच्या आज्या दर वैशाखात हेच सांगत.

ह्या इंग्रजी शेतघरांत एक गोष्ट मला फार जवळची वाटते. लाकडी सांगाड्याचे घर तिकडे फुटांत सांगत नसत. दोन चौकटींमधल्या अंतराला एक नाव होते, आणि घर तीन अंतरांचे, पाच अंतरांचे असे ओळखले जाई. एकेक अंतर सुमारे सोळा फुटांचे. दोन बैलजोड्या शेजारी शेजारी बांधता याव्यात म्हणून ते माप ठरले, अशी एक कथा सांगतात. ती कथाच समजावी. पण कल्पना तीच, जी आपल्याकडे 'खण' ह्या शब्दात आहे.

आपला वाडा खणांत मोजतात. दोन खांबांमधले अंतर तो खण, आणि खांबांच्या दोन ओळींमधली खोली ती घई. पाचखणी दुघई सोपा असे कोणी म्हणाले की जाणत्या सुताराच्या डोळ्यांपुढे सगळा सोपा उभा राहतो. नकाशाची गरज नाही. खण साधारण पाच-सहा फुटांचा. ह्याहून मोठा का नाही? कारण वरची कडी जितके ओझे पेलील तितकाच खण. आणि ओझे थोडेथोडके नसे. दगडी उथळ्यावर खांब उभा, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच किंवा फळ्या, आणि त्यावर वीतभर मातीचा थर, की जी वरच्या माडीची जमीन होते. उन्हाळ्यात ती माती ऊन खाली येऊ देत नाही. खांबाचा पाय मातीत पुरलेला नसून दगडावर टेकलेला असतो, म्हणून वाळवीला आणि ओलीला वाट मिळत नाही. एवढी साधी युक्ती. पण तिच्यावर दोनशे वर्षे उभी आहेत.

ह्या सांगाड्याभोवती भिंत येते, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. दोन-अडीच हात जाडीची भिंत पाहून आपल्याला वाटते की सगळा डोलारा तिच्यावर आहे. वस्तुतः चौकाभोवतीचा भार बहुतांशी खांब घेतात. भिंत ऊन, थंडी, चोर आणि शेजारी ह्यांना बाहेर ठेवते. ती खाली दगडाची, वर भाजक्या विटांची किंवा पांढऱ्या मातीची. जुन्या कागदांत शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हटलेले आहे. ही नुसती अलंकारिक भाषा नव्हे. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. ती पिकाला चांगली, भिंतीला वाईट. पिढ्यान् पिढ्या वस्ती होऊन राख, शेण, पडक्या भिंती मिसळून झालेली गावठाणची माती मात्र फुगत नाही. म्हणून गावच्या पडक्या गढीची माती लोक पाट्या भरभरून नेतात. आमच्या कितीएक गढ्या शत्रूने पाडल्या नाहीत. त्या गावच्या धाब्यांवर जाऊन बसल्या आहेत.

धाब्याचे नाव आले म्हणून पावसाचे सांगितले पाहिजे. महाबळेश्वरास वर्षाला 200 इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणदेशात 20 इंचांची मारामार. साठ-सत्तर मैलांत एवढा फरक असल्यावर घर एकच कसे राहील? जावळी-पाटणकडे छप्पर उतरते, पाखी लांब बाहेर काढलेली, आणि गुरे माणसांच्याच छपराखाली. वाई-सातारा-कऱ्हाड ह्या मधल्या पट्ट्यात कौलारू माडी आणि मोकळा चौक. माण, आटपाडी, जत ह्या बाजूला सपाट धाबे, त्यावर उन्हाळ्यात अंथरूण. वाडा हा शब्द सगळीकडे एकच. चौक आणि सोपेही तेच. डोक्यावरचे मात्र पाऊस ठरवतो.

आता आत जाऊ. मोठ्या दरवाजात लहान दिंडी, तिच्यातून वाकून शिरावे लागते. ह्याला नम्रता शिकवण्याचा हेतू चिकटवणारे लोक मला भेटले आहेत. हेतू साधा आहे: वाकलेला माणूस एकदम हत्यार चालवू शकत नाही, आणि एका वेळी एकच माणूस आत येतो. पेंढाऱ्यांच्या धाडी पाहिलेल्या पिढ्यांनी हे दरवाजे घडवले आहेत. म्हणूनच बाहेरच्या भिंतीला खाली खिडकी नाही, जिना भिंतीच्या जाडीत लपवलेला, त्याच्या तोंडावर झडप, आणि दरवाजामागचा अडसर भिंतीतल्या पोकळीत सरकणारा. देवडी, ढेलज, मग चौक. चौकाच्या एका अंगाला सदर. तेथपर्यंत परक्याला मुभा. सोप्याच्या पलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली. मागे परसू, आड, गोठा. धान्य पेवात, बळदात आणि कणगीत. घराचा जवळजवळ तिसरा हिस्सा धान्य व गुरे ह्यांचा असे, आणि तो वगळून वाड्याचे कौतुक करणे म्हणजे गिरणीतले जाते वगळून गिरणीचे वर्णन करण्यासारखे आहे.

माजघराबद्दल मला थोडे निराळे बोलायचे आहे. वाड्याची गोडवी गाणारे बहुतेक पुरुष सोप्यावर वाढलेले असतात. माजघर अंधारे असते. चूल पेटली की धूर कौलांच्या सांदीतून जाईल तेव्हा जाईल. तोवर तो डोळ्यांत आणि छातीत. इंग्लंडातही पूर्वी दिवाणखान्याच्या मध्येच उघडी चूल असे. 1570 ते 1640 च्या सुमारास शेतघरांतून धुराडी बांधली गेली व वर मजले पडले, असा सिद्धांत हॉस्किन्स ह्या इतिहासकाराने 1953 साली मांडला. आपल्याकडे ती क्रांती माजघरापर्यंत फार उशिरा आली. धुराने वासे टिकतात, कीड लागत नाही, हे खरे. पण वाशांचे आयुष्य कोणाच्या आयुष्यातून वजा होत होते, तेही पाहावे. तसेच बांधकामाचे. दगड वाहणारे, माती तुडवणारे, चुन्याच्या घाणीमागे फिरणारे हात पुष्कळदा वेठीचे होते, आणि त्या हातांच्या धन्यांची घरे गावकुसाबाहेर कुडाची होती. ती उरलेली नाहीत. वाड्याचा इतिहास लिहिताना हे एक पान कोरे सोडता येणार नाही.

वाड्याचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण आपल्या भागात पाहावयाचे तर मेणवलीस जावे; वाईपासून ते कोसभराच्या वाटेवर आहे. हे गाव 1768 साली औंधचे भवानराव त्र्यंबक प्रतिनिधी व रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी नाना फडणविसांना दिले. नानांनी गावच्या सीमा लावून घेतल्या, जमिनी लागवडीस आणल्या, आणि नदीकाठी वाडा, घाट व देवळे बांधली. लोक तेथे जातात ते घाटावरची घंटा पाहावयास. 1739 च्या वसईच्या विजयातून आलेली ती घंटा, तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूसह मेरीची मूर्ती आहे. पाहण्यासारखी आहे ह्यात शंका नाही. अलीकडे 2004 साली निघालेल्या 'स्वदेस' चित्रपटामुळेही गर्दी वाढली. पण घंटा आणि चित्रपट बाजूला ठेवून वाडा पाहावा. सहा चौक, सभोवार भिंत, भिंतींवर चित्रे, आणि मागल्या दाराने नदीकडे उतरण्याची वाट. राज्याचे हिशेब ज्याच्या मुठीत होते, त्या माणसाने आपल्या गावी घर बांधले ते पुण्याच्या दिमाखाचे नव्हे. शेताच्या, देवाच्या आणि पाण्याच्या अंतरावर बांधले. चौक वाढवून सहा केले, पण एकेक चौक पाहिला तर एखाद्या सधन पाटलाच्या वाड्यातल्यासारखाच. तोच खण, तोच सोपा, तेच माजघर. आमच्या बांधणीचा विशेष हाच की, लहान-मोठेपणा संख्येत असतो, जातीत नाही. पाटलाचा सुतार फडणविसांच्या वाड्यात गोंधळून गेला नसता.

आणि त्या वाड्याने पाहिलेले दिवस! नाना 1800 साली वारले. मागे राहिली जिऊबाई ही अल्पवयीन पत्नी. दुसऱ्या बाजीरावाने मालमत्तेवर हात टाकला. ही पोर लोहगडावर नेली गेली. 1804 साली आर्थर वेलस्ली याच्या मध्यस्थीने तिला पनवेलीस राहावयास मिळाले आणि वर्षाला 12,000 रुपये ठरले. पेशवाई बुडाल्यावर ती मेणवलीस परतली व 1854 साली वारली. पन्नास वर्षे जिच्या नावाशी हा वाडा बांधला गेला, तिचा उल्लेख नानांच्या चरित्रात शेवटच्या पानावर दोन ओळींत येतो. दप्तर राहिले ते घर मोडले नाही म्हणून, आणि घर मोडले नाही ते त्यात माणूस नांदत राहिले म्हणून.

कृष्णा मेणवलीहून खाली येते तशी रुंदावते. सांगलीस चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे होऊन आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. नदीकाठच्या पेठेत ज्यांनी घरे बांधली, त्यांनी जोती उंच घेतली. नदीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. तरीही 2005 साली आणि पुन्हा 2019 साली पाणी त्या जोत्यांवरून गेले. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांवर चढली. पांढऱ्या मातीची भिंत चार-सहा दिवस पाण्यात राहिली की तिचा चिखल होतो, ह्यात भिंतीचा दोष नाही. असे झाले की भिंती खाली बसतात आणि खांब, हस्त, तुळया तशाच उभ्या राहतात. कपडे उतरवलेल्या माणसासारखा वाडा उघडा पडतो.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आणि 1993 चा किल्लारीचा, ह्यांनीही असाच पण अधिक कठोर धडा दिला. दगडमातीच्या जाड भिंती बाहेर ढासळल्या. पुष्कळ ठिकाणी खणांचा सांगाडा उभा राहिला. पण किल्लारीकडे धाब्यांवर दर साली माती चढवीत चढवीत थर जाड झालेले होते. ते ओझे आणि सैल दगडाच्या भिंती माणसांच्या अंगावर आल्या. म्हणजे जुने ते सगळे शहाणपणाचे, असे मी म्हणत नाही. सांगाडा शहाणा होता. त्यावरची माती वेळोवेळी उतरवण्याचा आळस शहाणा नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. पूर ओसरला की पंचनामा होतो. त्या कागदावर घराला दोनच जाती आहेत: पक्के आणि कच्चे. मातीची भिंत म्हणजे कच्चे. सागाचा सांगाडा, दगडी जोते, कोरीव महिरप ह्यांना त्या कागदावर रकाना नाही. ह्यात तलाठ्याचा अपराध नाही. त्याच्या हाती दिलेल्या भाषेत दोनच शब्द आहेत. मग कच्चे घर पाडून पक्के बांधावे हे ओघानेच येते. भिंती उपसल्या जातात आणि दोन-चार दिवसांत जुन्या लाकडाचा व्यापारी दारात उभा राहतो. पुरातून जो भाग वाचला, नेमका तोच विकला जातो. कोठल्याशा हॉटेलच्या दर्शनी भागात आपल्या गावचा खांब उथळ्यासकट उभा असतो.

कायदा नाही असेही नाही. देशाचा स्मारकांचा कायदा 1958 चा, महाराष्ट्राचा 1960 चा. मुंबईने 1995 साली वारसा-इमारतींची श्रेणीवार यादी केली. पण खेड्यातल्या राहत्या घराला स्मारक म्हटले की मालक घाबरतो, आणि त्याचे भय अगदीच खोटे नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत नव्या बांधकामास बंदी आहे. चार भावांच्या वाड्याला ती लागली तर शेजाऱ्याचा संडाससुद्धा अडेल. इंग्रजी यादीत मालक राहतो, शेती करतो, बदल करायचा तर परवानगी मागतो. स्मारक आणि राहते घर ह्यांच्यामध्ये एक पायरी त्यांनी केली. आपण अजून केलेली नाही. ती होईपर्यंत निदान नोंद तरी करता येते. त्यासाठी सरकार लागत नाही. फितीचा एक टोक धरणारा मुलगा आणि दुसरे धरणारा शिक्षक, एवढे पुरते: किती खण, किती घया, जोत्याची उंची, जिना कोणत्या भिंतीत, बळद कोठे. गावात सत्तरी उलटलेला सुतार असेल तर त्याच्याकडून प्रत्येक लाकडाचे नाव विचारून घ्यावे. हे शब्द पंचनाम्याच्या शब्दांहून लवकर संपणार आहेत.

पुष्कळ वाडे ह्याआधीच गेले. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वाडे पाडले गेले त्याच्या आधी बहुतेकांच्या वाटण्या झाल्या. थोरल्याकडे पूर्वेकडील सोप्याचे तीन खण, धाकट्याकडे माजघर व त्यावरील माडी, चौक व आड सामाईक, दिंडी दरवाजातून येण्याजाण्याचा हक्क सर्वांस, अशा तऱ्हेची वर्णने वाटणीपत्रांत चतुःसीमेसह लिहिलेली असतात. भांडणाच्या भीतीने लिहिलेली असल्यामुळे ती फार काटेकोर असतात. एक खण इकडचा तिकडे होत नाही. अशा नोंदलेल्या पत्रांच्या नकला निबंधकाच्या कचेरीत मिळू शकतात. तीन भावांची तीन वर्णने एका कागदावर शेजारी शेजारी मांडली की पडलेल्या वाड्याचा नकाशा पुन्हा उभा राहतो, आणि चौकात भिंत नेमकी कोठे घातली गेली तेही त्यात दिसते.